‘व्हेरी हंग्री कॅटरपिलर’मधला कोष: चूक दुरुस्त करून सांगायची का?

शनिवारची_गोष्ट

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पंचवीस मिनिटांची गोष्ट असते. बारा मुलं आणि त्यांच्यासोबत कोणी ना कोणी मोठं माणूस. या शनिवारी एरिक कार्लचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ घ्यायचंय. त्यात एक भुकेली अळी आठवडाभर खात सुटते, तिने खाल्लेल्या फळांना पानात खरीखुरी भोकं असतात, आणि शेवटी तिचं फुलपाखरू होतं. मुखपृष्ठ पालकांच्या ग्रुपवर टाकलं आणि तिथे परिसंवादच भरला.

पहिला आक्षेप विज्ञानाचा. अळी पुस्तकात ‘ककून’ बांधते. फुलपाखराचं ‘क्रिसॅलिस’ असतं, ककून पतंगाचा, मुलांना चुकीचं शिकवू नका. दुसरा आहाराचा. शनिवारी ती केक, आइसक्रीम, सलामी, लॉलीपॉप सगळं हाणते, म्हणजे जंक फूडचा प्रचार. तिसरा एक फॉरवर्ड आहे: लेखकाला म्हणे अळीचं पोट दुखलेलं नकोच होतं, प्रकाशकाने ते घालायला लावलं, तेव्हा ते पान गाळा. एक आजोबा ‘ककून’वर पांढरी पट्टी चिकटवून ‘क्रिसॅलिस’ लिहून द्यायला तयार आहेत. अक्षर सुंदर आहे त्यांचं, हीच पंचाईत.

तर विचारायचं हे, की चूक खरंच चूक आहे का? अडीच वर्षांच्या पोरासमोर तिचं काय करायचं? मराठीत सांगताना शब्द कोणते घ्यायचे? आणि आमच्याकडची प्रत जाड पुठ्ठ्याची, तळहाताएवढी आहे. ती बारा जणांना दिसणार कशी?

---

कुंडीतला_कढीपत्ता

पट्टी चिकटवण्याआधी आजोबांना एवढं वाचून दाखवा.

क्रिसॅलिस कोणी बांधत नाही. अळी शेवटची कात टाकते तेव्हा आतून जी कडक कवचाची अवस्था उघडी पडते ती क्रिसॅलिस. ते तिचंच शरीर असतं. ककून म्हणजे त्या अवस्थेभोवती रेशमाने विणलेलं वेष्टन. पुष्कळ पतंग ते विणतात, फुलपाखरं बहुधा विणत नाहीत. ‘बहुधा’ म्हणायचं कारण पार्नासियस हा गट. हिमालयात उंचावर दिसणारी अपोलो फुलपाखरं यातलीच, आणि ती जमिनीलगत विरळ का होईना, रेशमी ककून करतात. कार्लला हा प्रश्न आयुष्यभर विचारला गेला, तेव्हा त्यानेही याच गटाकडे बोट दाखवलं होतं. म्हणजे आक्षेप सर्वसाधारणपणे बरोबर, पण ‘अशक्य’ म्हणता येणार नाही.

खरी गफलत त्याच्या पुढच्या वाक्यात आहे आणि ती तुमच्या ग्रुपच्या नजरेतून सुटलेली दिसते. पुस्तकात तो जीव ककूनला कुरतडून भोक पाडतो आणि बाहेर येतो. बाहेर येणाऱ्या फुलपाखराला कुरतडायला जबडा कुठे असतो? त्याला सोंड असते, तीसुद्धा बाहेर पडल्यावर दोन अर्धे एकमेकांना जुळवून तयार करावी लागते. क्रिसॅलिस ठरलेल्या रेषांवर उकलते. रेशमाचा पतंगही चावून बाहेर पडत नाही. तोंडातून पाचक द्रव सोडतो, त्याने धाग्यांना धरून ठेवणारा डिंक सुटतो आणि तो वाट काढतो. अशा फुटक्या कोषातून सलग धागा निघत नाही, म्हणून तर रेशीमवाले पतंग बाहेर यायच्या आत कोषाला गरम वाफ किंवा हवा देतात.

आता हिशोबच करायचा तर पूर्ण करू. सोमवार ते शुक्रवार एक सफरचंद, दोन पेअर, तीन प्लम, चार स्ट्रॉबेऱ्या, पाच संत्री, म्हणजे १५. शनिवारी १०. रविवारी एक हिरवं पान. एकूण २६. फुलपाखराच्या अळ्या बहुतेक करून ठरावीक झाडांची पानंच खातात, त्यामुळे शास्त्रशुद्ध आवृत्ती काढायची तर २६ पैकी २५ पदार्थ खोडावे लागतील. एका पट्टीने भागत नाही हो.

---

काना_मात्रा_वेलांटी

मराठीत सांगणार असाल तर पहिला आक्षेप आपोआप निकालात निघतो. आपल्याकडे दोन्हीला ‘कोष’च म्हणतात. शाळेच्या पुस्तकातलं चक्र अंडी, अळी, कोष, प्रौढ असं आणि जालन्याच्या बाजारात विकला जातो तोही रेशीम कोषच. भांडण इंग्रजीतल्या दोन शब्दांचं आहे. ‘अळीने स्वतःभोवती कोष केला’ म्हणा, आजोबा आणि पार्नासियस दोघेही खूश.

आपल्याकडचा पेच वेगळाच आहे. सुरवंट म्हणायचं की अळी? पुस्तकांत सरसकट ‘सुरवंट’ छापतात, पण बोलण्यात सुरवंट म्हणजे केसाळ, अंगावर पडला की खाज उठवणारा. शेवग्यावर झुंडीने बसतो तो. कार्लची अळी हिरवी, बोटाने धरावीशी वाटणारी. पावसाळ्यात ‘सुरवंटाला हात लावू नकोस’ असं मुलाला दहा वेळा बजावायचं असतं, तेव्हा या गोडुलीला ‘अळी’च म्हणावं हे बरं.

आता लिंग बघा. मूळ इंग्रजीत तो ‘ही’ (he), म्हणजे पुल्लिंगी आहे. मराठीत ती अळी, तो कोष आणि ते फुलपाखरू. एवढ्याशा गोष्टीत नायिकेची तिन्ही लिंगं होऊन जातात! शेवटच्या पानावर ‘ती सुंदर फुलपाखरू झाली’ म्हणायला जीभ वळते आणि कानाला खटकतं. ‘कोषातून बाहेर आलं… फुलपाखरू!’ असं नाम शेवटी आणून वाक्य संपवा. पान उलटण्याच्या क्षणाशीही ते चांगलं जुळतं.

पदार्थांत सापळा आहे लोणच्याचा. चित्रातलं ‘पिकल’ म्हणजे अख्खी खारवलेली काकडी. ‘एक लोणचं’ म्हणालात तर मूल चित्रात बरणी शोधेल, आणि लोणचं आपण ‘एक, दोन’ असं मोजतही नाही. ‘खारातली काकडी’ म्हणा. प्लमला आलुबुखार म्हणायचा हट्ट नको, बाजारात हल्ली प्लमच ऐकू येतं. केकच्या जागी पुरणपोळी, सॉसेजच्या जागी वडापाव असले देशी अवतार करू नका. या वयाचं मूल शब्द नाही, चित्र वाचतं. तुम्ही पुरणपोळी म्हणालात आणि समोर केक दिसला, की ते तुम्हालाच सुधारेल आणि गोष्ट तिथेच अडकेल.

अनेकवचनाकडे मात्र जरूर लक्ष द्या: एक स्ट्रॉबेरी, चार स्ट्रॉबेऱ्या; एक संत्रं, पाच संत्री. मूल ते खऱ्या अर्थाने कानात साठवतं. ककून-क्रिसॅलिस त्याच्या गावीही नसतं.

---

प्रूफवाला

त्या फॉरवर्डबद्दल. तो मजकूर ‘पॅरिस रिव्ह्यू’ या साहित्यिक नियतकालिकाच्या संकेतस्थळावर १ एप्रिल २०१५ ला आलेल्या एका विडंबन मुलाखतीतला आहे. तारीख परत वाचा. कार्ल मे २०२१ मध्ये गेला तेव्हा तोच उतारा खरा समजून जगभर फिरला, काही बातम्यांत आणि मृत्युलेखांतही घुसला, आणि मग दुरुस्त्या छापाव्या लागल्या. बाळांच्या पुस्तकात एवढा गंभीर वाद असणारच, असं आपण मोठी माणसं आधीच धरून चालतो. त्यामुळे एप्रिल फूल कोणाला ओळखूच आलं नाही.

पुस्तक जन्मलं कसं ही गोष्ट याहून साधी आहे. कार्ल कागदांच्या गठ्ठ्याला पंचने भोकं पाडत होता, त्यावरून त्याला पुस्तकातला किडा सुचला. पहिल्या मसुद्याचं नाव ‘अ वीक विथ विली द वर्म’. संपादिका अॅन बेनेड्यूस यांना गांडुळासारखा नायक काही रुचेना. त्यांनी कॅटरपिलर सुचवला आणि कार्लला लगेच फुलपाखरू दिसलं. म्हणजे भोकं आधी आली, जीवशास्त्र मागाहून. अमेरिकेत वेगवेगळ्या रुंदीची, भोकांची पानं परवडणाऱ्या दरात छापून मिळेनात, म्हणून १९६९ साली पुस्तक जपानमध्ये छापलं गेलं.

आहारवाल्यांसाठी एकच माहिती. २०११ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने चांगल्या खाण्याच्या गप्पा सुरू करायला दवाखान्यांसाठी निवडलं ते हेच पुस्तक. शनिवारी दहा पदार्थ, रात्री पोटदुखी, रविवारी एक पान आणि बरं वाटतं. आता यातून प्रचार कशाचा होतो ते ग्रुपने ठरवावं. पोटदुखीचं पान गाळलंत तर उरेल तो मात्र खरोखर केकचा प्रचार.

आणि हसून सोडून देता येणार नाहीत असे प्रकारही झालेत. गार्थ विल्यम्सच्या १९५८ च्या पुस्तकात काळ्या आणि पांढऱ्या सशाचं लग्न होतं, तर १९५९ मध्ये अलाबामात त्यावर वर्णसंकराचा प्रचार म्हणून गदारोळ झाला आणि राज्य ग्रंथालयाच्या संचालक एमिली रीड यांच्यावर राजकारणी तुटून पडले. २०१० मध्ये टेक्सासच्या शिक्षण मंडळाने तिसरीच्या अभ्यासक्रमातून बिल मार्टिन ज्युनिअर यांचं नाव काढलं. तपकिरी अस्वलाला ‘काय दिसतंय?’ विचारणाऱ्या पुस्तकाचे हे लेखक, आणि त्यातली चित्रं कार्लचीच. कारण काय, तर मार्क्सवादावर लिहिणारे एक बिल मार्टिन होते. ते वेगळेच गृहस्थ, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. नाव तपासून बघायला कोणाला सवड झाली नव्हती.

---

प्रतिपदा_ते_पौर्णिमा

अळीवाल्यांनी एवढं वाईट वाटून घेऊ नये. ‘गुडनाइट मून’वाल्यांची अवस्था अधिक बिकट आहे. मार्गारेट वाइज ब्राउनचे शब्द, क्लेमंट हर्डची चित्रं, १९४७. हिरव्या खोलीतलं सशाचं पिल्लू एकेका वस्तूला शुभरात्री म्हणतं, बस. पण खोलीतल्या घड्याळात सुरुवातीला सात वाजलेत आणि शेवटी आठ वाजून दहा मिनिटं. खिडकीत चंद्र वर चढतो. मग लोकांनी हिशोब मांडला, आणि खरं सांगायचं तर तो मांडण्याजोगा आहे.

आकाश तासाला १५ अंश फिरतं. चंद्र स्वतः तासाला साधारण अर्धा अंश उलट, म्हणजे पूर्वेकडे सरकतो. उरले साडेचौदा. ७० मिनिटांत झाले जवळजवळ १७ अंश. चंद्रबिंब अर्ध्या अंशाचं, म्हणजे या वेळात तो स्वतःच्या ३४ व्यासांइतका सरकायला हवा. खिडकीत सरकतो तो मोजके व्यास. एक व्यास सरकायला त्याला दोन मिनिटं लागतात, त्या हिशोबाने सगळी शुभरात्र पाव तासाच्या आत उरकलेली दिसते. एक तर घड्याळ खोटं नाही तर चंद्र.

पडताळा गच्चीवर घेता येतो. हात सरळ ताणा: करंगळीची रुंदी सुमारे एक अंश, मधली तीन बोटं पाच, मूठ दहा. चंद्र एखाद्या टाकीच्या कडेशी आहे तोवर वेळ लिहून ठेवा, ७० मिनिटांनी परत या. एक मूठ, तीन बोटं आणि वर दोन करंगळ्या एवढं अंतर पडलेलं असेल. चुकतं कुठे, तर लोक कोपर वाकवतात किंवा दुसऱ्या वेळी वेगळ्या जागी उभे राहतात. लहान मुलाचा हात आखूड आणि बोटंही बारीक, त्यामुळे प्रमाण साधारण तेच येतं. त्याच्या मुठीने त्यालाच मोजू द्या.

जाता जाता: या पुस्तकात टेलिफोनचा उल्लेख अगदी सुरुवातीलाच येतो, पण त्याला शुभरात्री कोणीच म्हणत नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने हे पुस्तक १९७२ पर्यंत घेतलंच नव्हतं, कारण तिथल्या बालविभागाच्या जुन्या प्रमुख अॅन कॅरोल मूर यांना ते आवडलं नव्हतं. आणि २००५ मध्ये प्रकाशकाने हर्डच्या फोटोतली सिगारेट संगणकावर पुसून टाकली. बोटं तशीच राहिली, काहीच न धरलेली.

---

शनिवारची_गोष्ट

आभार! ‘कोष’ पक्का. एप्रिल फूलचं ग्रुपवर टाकलं, तेव्हापासून शांतता आहे. आता छोट्या पुस्तकाचं सांगा कोणी. आणि @कुंडीतला_कढीपत्ता, खरी अळी दाखवता येईल का? विज्ञानवाल्या पालकांना कामाला लावायचा विचार आहे.

---

पुठ्ठा_कात्री

पुस्तक मोठं करून घ्या, एका संध्याकाळचं काम आहे. चित्रं स्वतः काढा, झेरॉक्स नको.

३०० जीएसएमचं, म्हणजे जाडसर, ए-थ्री कार्ड, पाच तुकडे, सोमवार ते शुक्रवार एकेक. लांबी ४२ सेंमी असते. डावीकडे २ सेंमी बांधणीला सोडले की ४० उरतात, त्याचे पाच भाग ८-८ चे. म्हणजे पानं कापायची १०, १८, २६, ३४ आणि ४२ सेंमी रुंद. पुढचं प्रत्येक पान आधीच्या पानापेक्षा एक फळ बाहेर डोकावतं, आणि मुलाचा हात आपोआप तिकडे जातो.

भोकं फळं काढण्याआधी पाडा. पाचही पानं डाव्या कडेला जुळवून क्लिपा लावा आणि खालून १२ सेंमीवर, डावीकडून ६, १४, २२, ३० व ३८ सेंमीवर दाभणाने खुणा करा. पहिली खूण पाचही पानांतून जाते, दुसरी चार, तिसरी तीन… एकूण १५ भोकं, फळांइतकीच. पानं सुटी सुटी करून खुणा केल्यात तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि मग बोट पहिल्या पानातून शिरून दुसऱ्यात अडतं. ऑफिसचा पंच इथे निरुपयोगी: भोक ६ मिमीचं, आणि कडेपासून आत पोचतच नाही. चामड्याला भोक पाडायचा १२ मिमीचा ठोकायचा पंच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. खाली लाकडी फळी घ्या, एका वेळी एकच पान, हातोडीचा एक घाव. दोन घाव घातले की कडा फाटते. पडलेल्या टिकल्या मोजून १५ च्या १५ उचला; या वयाची मुलं त्या आधी तोंडात घालतात.

लॅमिनेशन करू नका. भोकाच्या कडेला प्लास्टिक सुटतं आणि मुलांना सोलायला नवा उद्योग मिळतो. पांढरा गोंद तेवढ्याच पाण्यात पातळ करून दोन्ही बाजूंना ब्रशने लावा. एकाच बाजूला लावलात तर पान पापडासारखं वळतं. वाळल्यावर रात्रभर वजनाखाली.

भोकांतून फिरवायला हिरव्या लोकरीची अळी, वीतभर, त्याहून लांब नको, गळ्यात गुंडाळतात. मुलांना अर्धवर्तुळात बसवा, पहिली ओळ तुमच्यापासून हातभर अंतरावर. सोमवार ते शुक्रवार भराभर, शनिवारच्या पानावर थांबा आणि बोट ठेवू द्या. एक वाचन पाच मिनिटांत होतं, म्हणजे पंचवीस मिनिटांत दोनदा वाचून प्रत्येकाची बोटाची पाळी होते. दुसऱ्यांदा वाचताना ‘पण तरीही तिला…’ म्हणून गप्प बसा, ‘भूक’ मुलंच ओरडतील.

---

कुंडीतला_कढीपत्ता

खरी अळी जरूर. कुंडीतल्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लायची सापडते. लहान असताना ती काळपट-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, म्हणून पुष्कळदा झटकून टाकली जाते. शेवटच्या टप्प्यात हिरवी. डिवचली की डोक्यामागून नारिंगी दुतोंडी शिंग बाहेर काढते आणि घाण वास सोडते. चावत नाही, पण हाताळायची नाही, फांदीसकट उचला.

रुंद तोंडाची बरणी, तळाशी टिपकागद, तोंडावर मलमल आणि रबर. झाकणाला भोकं पाडून भागत नाही, आत घाम धरतो आणि अळीला बुरशी लागते. फांदी छोट्या बाटलीत पाणी घालून ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा, नाहीतर अळी देठावरून उतरून बुडते. सर्वांत जास्त अळ्या मरतात त्या बाजारच्या कढीपत्त्याने, फवारलेला असतो. धुऊनही भरवसा नाही. ज्या झाडावर मिळाली त्याचीच पानं द्या. टिपकागद रोज बदला.

अळी दोनेक आठवडे खाते. मग खाणं सोडते, पातळ शी करते आणि सैरावैरा फिरायला लागते. पालक इथे घाबरतात. ती आजारी नसते, कोषाला जागा शोधत असते. बरणीत तिरकी काडी ठेवा. शेपटाकडून चिकटून, कमरेला रेशमाचा एक धागा बांधून ती टेकते. आजोबांना तो धागा मुद्दाम दाखवा. हिरव्या काडीवर कोष बऱ्याचदा हिरवा होतो, सुकलेल्यावर तपकिरी. आठ-दहा दिवसांनी, थंडीत अधिक, पंखांचा रंग बाहेरून दिसू लागला की पुढच्या सकाळी तयार राहा. काडीखाली १५ सेंमी मोकळी जागा हवी. ओले पंख लोंबकळत ठेवायला जागा मिळाली नाही तर ते चुरगळलेलेच वाळतात आणि मग उडणं नाही.

आणि कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघाल्या, तर चूक तुमची नाही. त्यांच्या आयांनी आधीच आत अंडी घातलेली असतात. म्हणून एकच नको, तीन-चार अळ्या ठेवा, वेगवेगळ्या बरण्यांत.

---

शनिवारची_गोष्ट

लिंबाच्या कुंडीवर दोन सापडल्या, दोन्ही विष्ठेच्या रंगाच्या. आजोबांना पांढरी पट्टी बरणीवर लावायला दिली आहे. त्यावर त्यांनी ‘क्रिसॅलिस’ लिहून ठेवलंय, आतापासूनच. खोडायला सांगू का?

---

कुंडीतला_कढीपत्ता

नको. अजून दोन आठवडे आहेत. खाली तारीख तेवढी लिहायला सांगा, कात टाकल्याचे दिवस मोजायला उपयोगी पडेल.